केळवणाचं मार्जिन

फॅशन डिझाइनच्या डिप्लोम्यात आम्हाला पॅटर्न मेकिंग शिकवलं, ड्रेपिंग शिकवलं, रंगसंगतीवर तर अख्खी वही भरून घेतली. केळवणावर मात्र एकही धडा नव्हता. कोल्हापुरात नवरीचे कपडे करायचे तर अभ्यासक्रम तिथूनच सुरू व्हायला हवा.

तुळशीची लग्नं लागली की राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात नवऱ्या यायला लागतात. एकटी कुणीच येत नाही. सोबत आई, मावशी, करवली आणि ‘मी आपली सहज आले’ म्हणणारी आत्या. शेवटचा शब्द आत्याचा. नवरी मोबाइलवरचा फोटो पुढं करते, “ताई, सेम टू सेम असंच.” मी दर सांगते. आत्या विचारते, “अस्तर आतनं असतंय, दिसत नाही. त्याचे पैसे कशाला?”

आरीकामाचं गणित उलटं असतं. कापड आधी कापत नाहीत. ब्लाउजचा आकार अख्ख्या कापडावर आखायचा, ते फ्रेमवर ताणून बसवायचं, मग कारागीर आकड्याच्या सुईनं मणी, टिकल्या, जरदोसी भरत बसतो. पाठीवर डोली, बाहीवर मोर. सगळं भरून झालं की मग कात्री. म्हणजे माप घेतलं त्या दिवशीची नवरी त्या कापडावर कायमची पक्की झाली. नंतर मोराला जरा पलीकडं सरक म्हणता येत नाही.

आणि मापं देऊन झाली की नेमकी केळवणं सुरू होतात. काकाकडं तांबडा-पांढरा, मामाकडं सुकं मटण, शेजारी आग्रहाची पुरणपोळी. “खा गं, सासरी कोण करून घालणार?” सासर असतं शाहूपुरीत. तिथं काय उपास असतो होय?

मग ट्रायल. हूक आणि काजं समोरासमोर येतात, ओळख दाखवत नाहीत.

“श्वास आत घे.”

“घेतलाय की! ताई, मी जाडी झालोय व्हय?”

याचं खरं उत्तर देऊन कुणाचाही धंदा चाललेला नाही. मी टेपकडं बघते. आत्या निकाल देते, “शिवणाऱ्यानं कापड खाल्लं.”

खाल्लं कुणी, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत असतं.

मी बाजूच्या शिवणीत दीड इंच दडवून ठेवते. हे नवरीच्या आईलासुद्धा सांगत नाही. कळलं तर तेवढ्या हिशेबानं आणखी वाढतील. शिवलेली नऊवारी त्या मानानं गुणी. कमरेला नाडी असते, त्यामुळं तिला मामाकडचं मटणही चालतं. तिथं अडचण आजीची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरचा शालू, आणि त्याला कात्री! “पायजम्यागत पाय घालायचं लुगडं,” एवढंच बोलून आजी भिंतीकडं तोंड करून बसते.

परवा अशीच एक ट्रायल कशीबशी पार पडली. दडवलेलं सगळं उसवलं, हूक लागला, नवरी हसली. जाताना तिची आई म्हणाली, “ताई, उद्या थोरल्या दिरांकडं केळवण आहे. तुम्ही यायलाच पाहिजे.” गेले. पांढरा रस्सा सोडून कोण घरी बसेल? मला नवरीच्या समोरच बसवलं होतं. वाढणारा तिच्या ताटापाशी थांबला की मी मनातल्या मनात अर्धा इंच उसवत होते, आणि आता उसवायला काही उरलंच नव्हतं.