कुजबुजणारा निवेदकच बरा

प्राण्यांवरच्या टीव्ही मालिकांच्या निवेदकांवरील तुमच्या लेखात ब्रिटिश निवेदक डेव्हिड ॲटनबरो ‘फार संथ’ म्हटलेत, ते नाही पटलं. १९७९च्या ‘लाइफ ऑन अर्थ’ मालिकेमध्ये रवांडातल्या गोरिलांच्यात बसून हा माणूस चक्क कुजबुजतो, अन् आपण घरी पुढे सरकून कान टवकारतो. ‘क्रोकोडाइल हंटर’वाला ऑस्ट्रेलियन स्टीव्ह आयर्विन मगरीवर झेप घ्यायचा, पोरांना भारी आवडायचा. मलाही (२००६ मध्ये स्टिंगरे माशाच्या काट्याने गेला तेव्हा चुटपुट लागली होती). पण त्याचा तो आरडाओरडा ऐकला की उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जिप्सीत उभे राहून ‘वाघ, वाघ’ करणारे आपलेच लोक आठवतात. आम्हा नागपूरकरांना पेंच-ताडोबा जवळ. वाघाआधी चितळाचा धोक्याचा कॉल येतो, तो ऐकायला तोंड मिटावं लागतं ना! अन् जंगलात तग धरून दाखवणारा तो बेअर ग्रिल्स? त्याच्या कार्यक्रमात जनावरं कमी, तोच जास्त दिसते बाप्पा.