जास्वंदीची काडी बटाट्यात खुपसू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आमच्या आत्तीच्या अंगणातली दुहेरी गुलाबी जास्वंद रस्ता रुंद करताना गेली. आज्जीनं लावलेलं झाड. तोडायच्या आदल्या दिवशी आत्तीनं बारा काड्या काढल्या आणि सगळ्या बटाट्यांत खुपसून कुंड्यांत पुरल्या, कारण मोबाईलवर तसं आलं होतं. शेजारच्या कन्नड काकूंकडेही ‘दासवाळ’ म्हणजे जास्वंद लावायचा हाच मजकूर कन्नडातून आलाय. दहाव्या दिवशी मी कुंड्या उकरल्या. आठ काड्या खालून काळ्या पडून कुजल्या होत्या.

मजकूर असा: कुठल्याही फुलझाडाची काडी मधात बुडवा, बटाट्यात खोचा, कुंडी उन्हात ठेवून चिमूटभर युरिया द्या, सात दिवसांत मुळं. कण्हेरीची काडी तर स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी चालते, असंही त्यात आहे.

बटाटा काडीला ‘अन्न पुरवतो’ म्हणे. अहो, मुळंच नसलेली काडी बटाट्यातलं पिष्ट खाणार कशी? तिला लागणारं अन्न तिच्या खोडातच साठलेलं असतं, म्हणून तर काडी कोवळी न घेता पेन्सिलीएवढी जाड, जरा निब्बर घ्यायची. मुळं फुटायला लागते ती ओल, हवा आणि संजीवक, म्हणजे झाड स्वतःच तयार करतं ते वाढीचं द्रव्य. हे संजीवक काडीत वरून, शेंड्यापानांकडून खाली उतरतं आणि छाटलेल्या टोकाशी साठतं. १९३५ साली झिमरमन आणि विल्कॉक्सन या शास्त्रज्ञांनी इंडॉल ब्युटिरिक ॲसिड या संजीवकानं काड्यांना मुळं फुटतात हे दाखवलं, आणि आज नर्सरीत मिळणाऱ्या रूटिंग पावडरीत बहुतेक वेळा तेच असतं. बटाट्यात खोचलेल्या काडीच्या बुडाला उलट हवाच मिळत नाही. वर पावसाळी ओल, आत भोसकलेला बटाटा. तो सडला की काडीही सडते. नाही सडला, तर त्याचेच डोळे फुटतात आणि कुंडीत बटाट्याचं रोप येतं. आत्तीच्या दोन कुंड्यांत तेच आलं होतं, आणि ती बिचारी त्यालाच जास्वंद समजून पाणी घालत होती.

सात दिवसांचं म्हणाल, तर तेवढ्यात फार तर पानं फुटतात, तीही खोडातल्या साठ्यावर. व्हिडिओत तीच दाखवतात. जास्वंदीला मुळं धरायला तीन ते पाच आठवडे लागतात, बोगनवेलीला त्याहून जास्त. मधानं मुळं येत नाहीत. युरिया आणि कडक ऊन मात्र बिनमुळाच्या काडीला जाळतात.

पाण्यातली कण्हेर रुजते, हे मान्य करावंच लागेल. पण स्वयंपाकघरात? कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळंच विषारी, हृदयावर परिणाम करणारं. काडी ठेवलेल्या पाण्यातही ते विष उतरतं. नातवंडांच्या हाताला लागेल अशा खिडकीत, पिण्याच्या ग्लासात ही काडी ठेवा असं सांगणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. लावायची तर थेट बाहेर मातीत लावा, आणि हात साबणानं धुवा.

काडी लावायला आपल्याकडे मृगानंतरचे दिवस चांगले. चार-पाच डोळ्यांची, वीतभर काडी, खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली तिरका. खालची पानं काढा, वरची एक-दोन ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. निम्मी वाळू, निम्मी तांबडी माती, खाली भोक असलेली कुंडी, आणि त्यात दोन डोळे जमिनीत जातील एवढी खोल. खानापूरकडं धो-धो पाऊस, तेव्हा कुंडी पडवीत ठेवा; चिकोडी, अथणीकडं ऊन जास्त, तिथं झाडाच्या सावलीत. माती ओलसर असू द्या, चिखल नको. आणि मुळं आली का म्हणून उपटून बघू नका.

आत्तीच्या उरलेल्या चार काड्या मी रविवारी बटाट्यातून सोडवून, खालचा भाग नव्यानं छाटून वाळूत लावल्या. त्यांपैकी एकीचा डोळा हिरवा आहे. आत्ती रोज सकाळी फोन करून विचारते, “अजून हिरवाच आहे नव्हं?”