मार लागल्यावर वीर्यतपासणी कधी करायची, याबद्दलचा एक घातक संदेश

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक संदेश फिरत आला आणि माझ्या 24 वर्षांच्या भाच्याने तो खरा मानला. गार्ड न लावता सीझन बॉलने खेळताना चेंडू त्याच्या वृषणावर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी बाजू सुजून काळीनिळी पडलेली असताना हा मुलगा सर्जनकडे न जाता पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला, कारण संदेशात तसेच लिहिले होते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: अंडकोषाला मार लागल्यास 24 तासांच्या आत वीर्यतपासणी करावी, अहवाल नॉर्मल असल्यास डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही, शुक्राणूंचा आकडा दीड कोटीच्या खाली आल्यास वंध्यत्व कायमचे समजावे, एक अंडकोष निकामी झाल्यास मूल होत नाही, आणि दुखऱ्या जागी विटेचा गरम शेक द्यावा.

पहिले दोन दावे एकत्रच घ्यावे लागतील, कारण माणसाचे नुकसान होते ते या दोहोंच्या जोडीने. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात, आणि त्यानंतर वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषण नावाच्या वळणदार नळीतून पुढे सरकण्यास आणखी एक ते दोन आठवडे जातात. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू मार लागण्याच्या कितीतरी आधी घडलेले असतात. मोटर जळली तरी गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे तोवर नळ चालूच राहतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय दुसरे वृषण धडधाकट असते आणि वीर्यातला बहुतांश द्रव तर वृषणातून येतच नाही, त्यामुळे एक वृषण फुटलेले असतानाही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. तो अहवाल हातात घेऊन माणूस निश्चिंत घरी बसतो आणि नेमके तेच तास वाया जातात.

त्या तासांचे मोल काय, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक असावे असे वाटत नाही. मार लागल्यानंतर कधीकधी वृषणाला पीळ पडतो व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी साधारण 6 तासांच्या आत पीळ सोडवला, तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते आणि पुढे ती झपाट्याने घटत जाते. वृषणाचे घट्ट पांढरे आवरण फाटले असल्यास शस्त्रक्रिया करून ते शिवावे लागते, आणि पहिल्या 3 दिवसांत हे केल्यास वृषण वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. पीळ, फाटलेले आवरण किंवा साठलेले रक्त यांपैकी काहीही वीर्याच्या थेंबात दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी हाताने तपासावे लागते आणि डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी करावी लागते. पिळाची दाट शंका असल्यास तर सोनोग्राफीसाठीही न थांबता थेट शस्त्रक्रिया करतात. तासाभरात न ओसरणारी कळ, उलटी, वाढती सूज, वर ओढले गेलेले वृषण किंवा लघवीतून रक्त, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी तातडीच्या विभागात जावे. हलका फटका बसून थोड्या वेळात दुखणे पूर्ण थांबले व सूजही नसली, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते.

दीड कोटींच्या आकड्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची वीर्यतपासणीची पुस्तिकाच पाहावी. तिच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीत दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख ही खालची संदर्भमर्यादा दिलेली आहे, आणि ती कोणावरून काढली हे अधिक महत्त्वाचे आहे: ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भ राहिला, अशा पुरुषांवरून. त्या शंभर बापांपैकी पाच जण या आकड्याच्या खालीच होते. ही मर्यादा म्हणजे वंध्यत्वाची सीमारेषा नव्हे, असेही पुस्तिका बजावते. नमुन्याआधी 2 ते 7 दिवसांचा संयम, म्हणजे वीर्यस्खलन टाळणे, हवा, ही तिचीच अट आहे. त्यातही एकाच माणसाचे आकडे दर वेळी बदलत असल्याने एका अहवालावर कोणालाही कायमचा वंध्य ठरवता येत नाही.

एका वृषणावर मूल होत नाही, हे सरळ चूक आहे. दुसरे निरोगी असल्यास बहुतेकांना अडचण येत नाही. ते आधीच लहानपणी पोटातून पिशवीत न उतरलेले किंवा गालगुंडांनी दुबळे झालेले असेल, तरच चिंता रास्त ठरते. गरम शेकाने ताज्या मारात रक्तस्राव आणि सूज वाढण्याचाच धोका असतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि आधार देणारी चड्डी घालून पडून राहावे, पण तेही डॉक्टरांकडे जाईपर्यंतच.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो: संदेशात वीर्यतपासणीचे नाव उगाच आलेले नाही. गंभीर मार बसला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, वृषण आक्रसत असेल किंवा माणसाला एकच वृषण असेल, तर ही तपासणी जरूर करावी. जबर इजेनंतर शरीर कधीकधी स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करते, हेही खरे आहे. मात्र त्या तपासणीची वेळ साधारण 3 महिन्यांनंतरची, आणि आकडे कमी आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा एकदा.

भाच्याला लॅबने संयमाचे दिवस पुरे करून या म्हणून परत पाठवले, हे त्याचे नशीब. संध्याकाळी कळ असह्य झाली तेव्हा तो रुग्णालयात गेला, सोनोग्राफीत आवरण फाटलेले दिसले आणि त्याच रात्री ते शिवले गेले. डॉक्टरांनी वीर्यतपासणीसाठी त्याला 3 महिन्यांनंतरची तारीख दिली आहे. त्याआधी पुन्हा एकदा सोनोग्राफी होईल, कारण शिवलेले वृषण आक्रसते आहे का, हे त्याच्या आकारावरूनच कळणार आहे.