हक्क इकडे, हात तिकडे

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या ग्रुपवर फराळाच्या फोटोंपेक्षा जास्त चर्चा झाली ती बाबांच्या लॅपटॉपची. लॅपटॉप २०१६ मध्ये घेतलेला. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि बाबांच्या लॅपटॉपमधला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. चुलतभावाने लिहिलं, "काका, आता मोडीत काढा. बाहेर कोणी एवढं जुनं वापरत नाही." आत्याला ते झोंबलं. "बाहेरचे फेकून देतात म्हणून आपणही फेकायचं? गल्लीत न्या, नीट करून देतात." मग दोघंही माझ्याकडे वळले. तू तिकडे असतेस, तू सांग.

मी अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहते. ग्रुपवर दोन ओळी लिहून मी गप्प बसले, कारण दोन ओळींत मावणारं ते उत्तर नव्हतं.

आधी त्या लॅपटॉपपुरतं सांगते. तोच लॅपटॉप माझ्या टेबलावर असता तर विंडोज १० चे आणखी एका वर्षाचे सुरक्षा अपडेट मला फुकट मिळाले असते. इथल्या ग्राहक संघटनांनी रेटा लावल्यावर युरोपातल्या घरगुती ग्राहकांसाठी तसं ठरलं. पुण्यात बाबांना तेच वर्ष हवं असेल तर सेटिंग्जचा बॅकअप ऑनलाइन खात्यावर ठेवा, नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे जमवलेले बक्षीस-गुण वापरा, नाहीतर तीस डॉलर भरा. यंत्र तेच, प्रणाली तीच. ते कुठे बसून वापरता एवढ्यावरून पारडं हलकं-जड होतं. म्हणून कायदा लागतो, असं मला मनापासून वाटतं, आणि आत्याने ही बाजू सहज सोडून देऊ नये.

पण कायद्याच्या पुढे काय होतं तेही मी बघितलंय.

माझा टीव्ही पाचव्या वर्षी बंद पडला. लाल दिवा सहा वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत लुकलुकायचा. चित्र नाही, आवाज नाही. युरोपात विकत घेतलेल्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि ती कंपनीने नव्हे, विकणाऱ्या दुकानदाराने पाळायची असते. डच कायदा त्याच्याही पुढे जातो. तो वर्षांचा आकडाच घालत नाही. अमुक किमतीची वस्तू शहाण्या माणसाच्या अपेक्षेने जितकी टिकायला हवी, तितकी ती टिकली पाहिजे, एवढंच म्हणतो. दुकानाने आधी दोन वर्षांचं कारण सांगितलं. मी कायद्यातलं वाक्य लिहून पाठवलं, तेव्हा ते नरमले. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: टीव्हीचं उरलेलं आयुष्य इतकं धरतो, त्या हिशेबाने इतके पैसे परत देतो, टीव्ही उचलून नेतो. पैसे वेळेवर जमाही झाले. त्या दोन आठवड्यांत टीव्हीची मागची बाजू कुणी उघडली नाही. बिघाड कशात होता हे मला आजही माहीत नाही. माझा हक्क मला पूर्ण मिळाला आणि टीव्ही मात्र गेला.

त्याच सुमारास जुनी केबल टाकायला मी पालिकेच्या कचरा केंद्रावर गेले होते. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जाळीचे उंच पिंजरे असतात. एका पिंजऱ्यात कडेला, धक्का न लागता ठेवलेला मॉनिटर होता, सोबत गुंडाळून बांधलेली वायर. कुणीतरी जपून आणून ठेवला होता. मी तिथल्या माणसाला विचारलं, हा चालतो का बघू का? तो नम्रपणे नाही म्हणाला. आत टाकलेलं बाहेर काढता येत नाही, नियम आहे. त्यामागे कारणंही आहेत, डेटा आहे, अपघाताची जबाबदारी आहे. पण त्या मॉनिटरमधला चांगला बोर्ड आता कुणाच्याही दुसऱ्या मॉनिटरच्या कामी येणार नव्हता.

आता तपकीर गल्ली. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, बुधवार पेठेच्या बाजूची ही गल्ली इलेक्ट्रॉनिक सामानासाठी ओळखली जाते. मुंबईकरांचा जसा लॅमिंग्टन रोड. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत गेले होते तेव्हा बाबांच्या टीव्हीला अगदी हाच आजार झाला होता. कंपनीचा माणूस घरी येऊन पूर्ण बोर्ड बदलायचा म्हणाला, नऊ हजारांच्या वर खर्च सांगितला आणि जाता जाता "त्यापेक्षा नवाच घ्या" हेही. मी आणि बाबा टीव्ही चादरीत गुंडाळून रिक्षाने गल्लीत घेऊन गेलो. जिना चढून वर एक खोली, टेबलावर हिरवी चटई, वर एकच ट्यूबलाइट. तिथल्या काकांनी मागचे स्क्रू काढले आणि कशालाही हात न लावता नुसता टॉर्च तिरका धरून वाकून पाहिलं. "हे बघा ताई, डोकं वर आलंय." पॉवर बोर्डावर बोटाच्या पेराएवढे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, होते. इतरांचे माथे सपाट, या दोघांचे फुगून घुमटासारखे झालेले. त्यांनी जुने उपसले, भोकं साफ केली, नवे बसवले. जुने ८५ अंशांचे होते, त्यांनी मुद्दाम १०५ अंश सोसणारे लावले. "पॅनेलच्या मागे गरम होतं ना, कंपनी इथं दोन रुपये वाचवते," म्हणाले. एकूण साडेतीनशे रुपये. तो टीव्ही अजून चालतोय.

म्हणून चुलतभावाचं "बाहेर बघा" मला खुपतं. बाहेर ही नजरच दुर्मिळ झाली आहे. आइंडहोवन हे फिलिप्सचं गाव; १८९१ मध्ये कंपनी इथेच सुरू झाली. कधीकाळी या गावात घरटी एक माणूस सोल्डरगन, म्हणजे धातू वितळवून भाग जोडायचं हत्यार, धरू शकत असेल. आज दुरुस्ती करणारा घरी बोलवायचा तर तो नुसता दारात येण्याचेच पैसे आधी घेतो, मग तासाचा दर, वर २१ टक्के कर. सायकल, चपला, कपडे यांच्या दुरुस्तीवर तोच कर ९ टक्के आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ती सवलत नाही. एवढ्या पैशांत नवी वस्तू येते, मग कोण कशाला उघडून बघेल?

इथल्या लोकांना याची खंत नाही असं मुळीच नाही. २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकार स्वयंसेवकाशेजारी बसा, दोघांनी मिळून नीट करा. आता अशी कॅफे जगभरात दोन हजारांहून जास्त आहेत. आमच्या भागातलं महिन्यातून एका शनिवारी भरतं. मी ज्या टेबलावर जाते तिथे पंचाहत्तरीचे एक आजोबा असतात. हात थरथरतो, म्हणून ते मनगट टेबलाच्या कडेला टेकवतात, श्वास रोखतात आणि मग सोल्डरचा टाका लावतात. टाका चमकदार आणि स्वच्छ पडतो. त्यांच्या शेजारी शिकायला बसलेला तरुण मला तिथे अजून दिसलेला नाही. महिन्यातले तीन तास आणि पेन्शनवरचे हात, एवढ्यावर एका शहराची दुरुस्ती चालत नाही.

युरोप आता हे कायद्याने मागे फिरवू पाहतोय. २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनसाठी नियम आले: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, बॅटरी ८०० चार्जिंगनंतर किमान ८० टक्के उरली पाहिजे, खोक्यावर दुरुस्तीसुलभतेची ए ते ई अशी श्रेणी छापायची. दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश २०२४ मध्ये संमत झाला, सदस्य देशांनी तो लागू करायची मुदत ३१ जुलै २०२६. त्यात वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही, फोन आहेत. दुरुस्तीच्या सक्तीच्या यादीत लॅपटॉप नाही. ग्रुपवर ज्याच्यावरून भांडण झालं नेमकं तेच यंत्र सुटलंय.

आपल्याकडेही ही चर्चा चालू आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही याचं मला वाईट वाटतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. २०२४ मध्ये फोन आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीसुलभतेचे गुण कसे द्यायचे हे ठरवायला समिती नेमली, तिने मे २०२५ मध्ये आराखडा सादर केला. एक बाजू म्हणते, हे सगळं युरोपचं अनुकरण, आपल्याकडे सगळं दुरुस्त होतंच. दुसरी म्हणते, आपल्याकडे नुसता जुगाड आहे, अधिकृत सेंटरशिवाय कुठे जाऊच नये.

जुगाड हा शब्द मला त्या काकांच्या टेबलासमोर उभं राहून कुणी वापरून दाखवावा. बिघाड ओळखणं, भाग मोजून बदलणं, तो परत जाऊ नये म्हणून जास्त सोसणारा लावणं हे कसब आहे. अधिकृत सेंटरमध्ये बहुतेकदा अख्खा बोर्ड काढून अख्खा बोर्ड लावतात. तेही काम आहे, पण त्याचं बिल नव्या वस्तूच्या अर्ध्यावर जातं आणि गिऱ्हाईक आपसूक शोरूमकडे वळतं.

गल्लीचे दोषही मी झाकणार नाही. पावती मिळत नाही. दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेल्या बनावट बॅटऱ्या सर्रास विकल्या जातात, आणि लिथियमच्या बॅटरीत बनवेगिरी म्हणजे उशाशी आग ठेवणं आहे. माझ्या आईच्या फोनची अशीच बदललेली बॅटरी चार महिन्यांत फुगली आणि तिने स्क्रीन वर उचलली. त्या दिवशी मला इथला कायदा फार हवासा वाटला. पण बनावट बॅटरी का विकली जाते याचं एक मोठं कारण असंही आहे की अस्सल बॅटरी त्या दुकानदाराला कंपनी सहसा देत नाही. ती बहुतेकदा फक्त अधिकृत सेंटरला मिळते. त्याला चोरवाटेने माल आणायला लावायचं आणि मग त्यालाच चोर म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

म्हणून गुण द्यायची पद्धत ठरवताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: सुटा भाग, बोर्डाचा नकाशा आणि सॉफ्टवेअरची किल्ली गल्लीतल्या माणसाला मिळते का, यावर गुण ठरू देत. किल्लीचं महत्त्व दिवसेंदिवस वाढतंय. आता कितीतरी फोनमध्ये स्क्रीन आणि बॅटरी क्रमांकाने त्या एकाच फोनशी बांधलेल्या असतात. अस्सल भाग लावला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय फोन कुरकुर करतो. तिथे कितीही सरावलेला हात असला तरी अडतो. आणि भागाची किंमतही मोजा. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली तेव्हा सुट्या भागाची किंमत हा त्यातला वेगळा निकष ठेवला. नऊ हजारांचा बोर्ड उपलब्ध आहे म्हणून कुणाला पैकीच्या पैकी मिळू नयेत.

बाबांच्या लॅपटॉपचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तो गल्लीत गेला. हार्ड डिस्क काढून तिच्यापेक्षा वेगवान एसएसडी बसवली, आठ जीबीची रॅम, म्हणजे मेमरी, वाढवली, बिजागरीचा निखळलेला स्क्रू नव्या पितळी नटात पक्का केला, आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेतली. बाबांना बँक, बातम्या आणि नाटकांचे व्हिडिओ एवढंच लागतं. हे जमलं कारण २०१६ च्या त्या यंत्रात रॅम काढता-घालता येते. आजच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डाला टाका मारून चिकटवलेली असते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव कडाडलेत, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरांना माल देण्यात गुंतलेत. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या मशीनमधून निघालेली रॅमची एक पट्टी किती मोलाची असते ते गल्लीला आमच्याआधी कळलंय.

मागच्या फेरीत गल्लीतल्या काकांना भेटले तेव्हा त्यांचा मुलगा दुकानात नव्हता. तो आता मोबाइलच्या शोरूममध्ये विक्रीला असतो. "महिन्याचा पगार येतो, इथं बोर्ड उघडता येईनासे झालेत," काका म्हणाले. तिथल्याच टेबलावर एक मोठा टीव्ही पंधरा दिवस पडून होता. बिघाड कुठल्या भागात आहे याचा त्यांना अंदाज होता, पण नकाशाशिवाय खात्री करता येत नव्हती. त्यांनी बोर्डावरचा नंबर कागदावर लिहून दिला. "ताई, तिकडं मिळतात म्हणे हे डायग्राम. बघा जमलं तर."

इथे परत आल्यावर मी त्या कंपनीच्या युरोपातल्या दुरुस्ती विभागाला लिहिलं. युरोपच्या नियमाने टीव्हीच्या दुरुस्तीची माहिती त्यांना द्यावीच लागते, पण व्यावसायिक दुरुस्तीकारांना. उत्तरात एक अर्ज आला. त्यात व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, विम्याचा तपशील आणि युरोपातला दुकानाचा पत्ता मागितलाय. काकांकडे यातलं काही नाही, माझ्याकडेही नाही. मी परत लिहिलंय की ज्या माणसाला हे वाचता येतं तो पुण्यात आहे, त्याला थेट पाठवता येईल का. अजून उत्तर आलेलं नाही. काका दर रविवारी विचारतात.