बसमध्ये एकट्याने चढावे की नाही: कट्ट्यावरचा एक लांबलेला वाद

"मी आहे तोवर पोराला बसमध्ये एकटा चढू देणार नाही," हे अप्पांचे वाक्य परवा कट्ट्यावर पडले आणि त्यानंतर दुसरा विषय निघालाच नाही. अप्पांचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. त्याला गोष्टी उमजायला वेळ लागतो आणि वाचताना तो अडखळतो, पण हात कसबी असल्यामुळे पुस्तकबांधणीच्या प्रशिक्षणाला त्याला प्रवेश मिळाला आहे. तिथे जायला वाटेत एक बस बदलावी लागते. अप्पा त्याला रोज गाडीने सोडतात आणि गाडीने आणतात. ते याला जबाबदारी म्हणतात, तर शाळेतून निवृत्त झालेले आमचे मास्तर याला सरळ अडवणूक म्हणतात.

"मी आहे तोवर म्हणजे किती वर्षे, ते एकदा सांगा," मास्तरांनी विचारले. प्रश्न बोचरा होता, पण टाळण्यासारखा नव्हता. मास्तरांचे म्हणणे असे की, एकट्याने प्रवास करता येणे ही हौस नसून नोकरी, दवाखाना, मित्रमंडळी अशा सगळ्या दारांची किल्ली आहे, आणि म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या विसाव्या कलमात शक्य तितक्या स्वावलंबनाने ये-जा करता यावी, इतके म्हणून न थांबता त्यासाठी लागणाऱ्या कौशल्यांचे प्रशिक्षण द्यावे, असेही म्हटले आहे. "म्हणजे ही गोष्ट शिकवून येते, हे जगाने मान्य केले आहे. आपण मात्र ती उपजत यावी, अशी वाट पाहत बसतो."

अप्पा कराराने हलणारे नव्हेत. "त्याला पाटी नीट वाचता येत नाही, मास्तर. करार वाचून दाखवू का त्याला?" यावर मास्तरांनी मेक्सिको सिटीच्या भुयारी रेल्वेचा दाखला दिला. ती १९६९ साली सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर स्वतःचे चित्रचिन्हही देण्यात आले होते, त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही आपले स्थानक चित्रावरून ओळखता येत होते. बसच्या क्रमांकाचेही तसेच आहे. तो वाचावा लागत नाही, जुळवावा लागतो. खिशातल्या कार्डावर ठळक अक्षरांत क्रमांक लिहून द्यावा आणि समोर आलेल्या बसशी तो ताडून पाहायला सांगावे.

इथे काकांनी तोंड उघडले. त्यांनी उभी हयात बस चालवली आहे आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्यापैकी खरे तर त्यांनाच आहे, तरी ते बराच वेळ गप्प होते. क्रमांकावर मुले फारशी फसत नाहीत, फसतात ती उतरताना, असे त्यांचे मत पडले. घरचे लोक "सातव्या थांब्यावर उतर" असे पढवून पाठवतात, पण जिथे कोणी चढणारा-उतरणारा नसेल, तिथे बस थांबतेच असे नाही, आणि मग पोराची मोजणी कोलमडते. त्यापेक्षा खुणा शिकवाव्यात, आणि त्याही उतरण्याच्या ठिकाणच्या नव्हे, तर त्याआधीच्या. पाण्याची टाकी दिसली की दप्तर खांद्याला लावायचे, पूल संपला की बस उभी राहीपर्यंत दांडा धरून दाराकडे सरकायचे, असे. रात्री आणि पावसात काच धूसर होऊन यातल्या निम्म्या खुणा नाहीशा होतात, तेव्हा चढतानाच चालकाला किंवा वाहकाला उतरण्याचे ठिकाण सांगून ठेवावे आणि शक्यतो त्यांच्या जवळच बसावे.

मग काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. लांब बसचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे बाहेर आलेला असतो. चालक थांब्यावरून निघताना चाके रस्त्याकडे वळवतो, तेव्हा तो मागचा भाग उलट पदपथाच्या बाजूला झुकतो, आणि अगदी कडेला उभा असलेला माणूस त्याच्या तडाख्यात येऊ शकतो. म्हणून थांब्यावर दोन पावले मागे उभे राहायला शिकवायचे. उतरल्यावर उभ्या बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही, कारण अगदी पुढ्यातला माणूस चालकाच्या नजरेआड राहतो आणि बसला ओलांडून येणाऱ्या वाहनाला तर तो दिसतच नाही. बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्ही बाजूंना दिसू लागला की मगच पलीकडे जायचे. रेल्वेबाबत मास्तरांनी भर घातली ती फलाटाच्या कडेजवळच्या खडबडीत पिवळ्या पट्टीची. अंध व्यक्तींसाठी या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. उभ्या रेषा चालण्याची दिशा दाखवतात, गोल उंचवटे थांबायला सांगतात. तळपायाला कळणारी ही भाषा डोळस मुलालाही सहज शिकवता येते: गोल उंचवट्यांच्या मागे राहायचे आणि हातातली वस्तू रुळांवर पडली, तरी खाली उतरायचे नाही, कर्मचाऱ्याला सांगायचे.

आमच्यातला संगणकवाला एवढा वेळ चुळबुळ करत होता. त्याच्या मते भ्रमणध्वनी हातात असताना हा सगळा खटाटोप कशाला, बस कुठे आहे आणि पोरगा कुठे आहे, दोन्ही नकाशावर दिसते. याला ताईंनी चांगलेच धारेवर धरले. यंत्राची बॅटरी संपली की सगळे शिक्षण संपले, असे होता कामा नये. शिवाय बाप दर थोड्या वेळाने "कुठे पोचलास" म्हणून फोन करणार, पोरगा बोलण्यात गुंतणार आणि नेमका तेव्हाच थांबा निघून जाणार. पोहोचल्यावर एक निरोप आणि अडल्यास एक फोन, एवढाच करार असावा. मला ताईंचे पटले. नकाशावरचा ठिपका पाहून बापाचा जीव थाऱ्यावर राहील, पण त्याने मुलगा काही शिकत नाही.

अप्पांची खरी भीती मात्र वेगळी होती, आणि ती ते आडून आडून सांगत होते: कोणी फसवले तर, अंगाशी आले तर? ताई यावर शांतपणे आणि तपशीलवार बोलल्या. अनोळखी माणसे वाईट असतात, असे शिकवू नये, कारण अडचणीत मदत अनोळखी माणसाकडूनच घ्यावी लागते. मदत कोणाला मागायची, हे आपण निवडायचे. गणवेशातला कर्मचारी, तिकीट खिडकी, लेकराला घेऊन निघालेली बाई. न मागता मदतीला धावून येणाऱ्याबरोबर मात्र बसमधून उतरायचे नाही, मग तो कितीही जवळची वाट दाखवत असो. शेजारचा माणूस नकोसा वाटला तर कारण न सांगता उठायचे आणि चालकाजवळ जायचे. कोणी हात लावला तर मोठ्याने "नाही" म्हणायचे आणि "कोणीतरी या" असे न ओरडता एकाच माणसाकडे बोट दाखवून "निळ्या सदऱ्यातले काका, मदत करा" असे म्हणायचे. सगळ्यांना मारलेली हाक कोणालाच मारलेली नसते.

शिकवायचे कसे, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत झाले. आधी शेजारी बसून जायचे, मग मागच्या आसनावर, मग बसच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेवटी केवळ उतरण्याच्या थांब्यावर वाट पाहत उभे राहायचे. पुढे चालायचे ते मुलानेच आणि बरोबरच्या मोठ्या माणसाने जीभ आवरायची, हा यातला सर्वांत कठीण भाग. मास्तरांनी सुचवले की, एकदा थांबा मुद्दाम चुकू द्यावा. ताईंना हे निर्दय वाटले. तेव्हा त्याला आधी सांगून चुकण्याची रंगीत तालीम करावी, पुढच्या थांब्यावर उतरून परतीची बस कुठून धरायची ते त्याच्याकडूनच शोधून घ्यावे, असा मध्यममार्ग निघाला. माझ्या मते साऱ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. सरळ रस्ता कोणीही पाठ करतो, पण चुकल्यावरही हातपाय न गाळता पुढचे पाऊल टाकता आले, तरच त्याला एकटे सोडण्यात अर्थ आहे.

"मग अप्पा, तुम्ही शेवटचे बसने कधी गेलात?" काकांनी सहज विचारले. अप्पा गडबडले. गाडी घेतल्यापासून ते बसमध्ये चढलेलेच नाहीत आणि आता तिकीट आधी काढतात की आत, हेही त्यांना सांगता येईना. आम्ही हसलो, पण काका हसले नाहीत. ज्यांनी जन्मभर स्वतःचे वाहन चालवले आणि नजर अधू झाल्यावर ते सोडले, असे कितीतरी वयस्कर लोक थांब्यावर गोंधळून उभे असलेले त्यांनी पाहिले आहेत.

अप्पांनी तरीही एक अट घातलीच, की ते आपल्या गाडीने बसच्या मागोमाग येतील. काकांनी ती उडवून लावली, कारण बसच्या खिडकीवर नजर खिळवून गाडी हाकणाऱ्याचाच अपघात आधी होतो. पहिली फेरी सुटीच्या दिवशी, गर्दी नसताना, बापलेक दोघांनी काकांबरोबर करायची असे ठरले. मास्तरांनी लगेच हरकत घेतली की, सुटीचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा दुसऱ्या फेरीपासून प्रशिक्षणाचीच वेळ आणि तीच गर्दी हवी. अप्पा यालाही कबूल झाले. आता कार्डावर नाव आणि दोन फोन क्रमांक एवढेच असावे की घरचा पत्ताही असावा, यावर ताई आणि मास्तरांची जुंपली आहे.