गाठी सुटता सुटेना

फाल्गुन पौर्णिमेला होळी, त्यानंतर सहाव्या दिवशी पैठणची नाथषष्ठी आणि सोळाव्या दिवशी पाडवा. म्हणजे पंधरवड्यात आमच्या मराठवाड्यातल्या घरात साखर तीन दारांनी येते. होळीला मामा-आत्या लेकरांच्या गळ्यात गाठी घालतात. षष्ठीहून आलेले शेजारी चिरमुरे-बत्ताशांची पुडी ठेवून जातात. पाडव्याला एक गाठी गुढीला, एक देवाला आणि लेकरागणिक एकेक. लेकरं पहिल्या दिवशी मधलं मोठं पदक कडाकडा फोडून खातात. पदक गेलं की उरलेल्या गाठीची गत निकालानंतरच्या कार्यकर्त्यासारखी. खुंटीला लटकते, कुणी विचारत नाही.

टाकावी, तर आजी डोळे वटारणार, "परसाद हाय तो!" शेजारी द्यावी, तर शेजारीण तिच्या दोन गाठ्या घेऊन आपल्याच दाराकडे निघालेली असते.

आधी वाटणी करा. होळीच्या गाठीला रंग लागला असेल तर ती खाण्यात नको, कितीही धुतली तरी. मुंग्यांना साखर घालणं पुण्याचंच काम आहे, फक्त ते फडताळात न करता बांधावर करावं. राहिली गुढीची गाठी. तीसुद्धा दिवसभर उन्हाधुळीत टांगलेली असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. नळाखाली धराल तर निम्मी गाठी मोरीत जाईल.

खरा वैरी साखर नव्हे, दोरा. गाठी करताना लाकडी साच्यात दोरा ठेवून वरून पाक ओततात, त्यामुळे तो प्रत्येक पाकळीच्या पोटातून गेलेला असतो. अख्खी गाठी मिक्सरमध्ये टाकणारे शूर लोक असतात. दोरा पात्याच्या बुडाशी गुंडाळतो, मोटर कण्हायला लागते आणि पिठीसाखरेत कापसाची लव मिसळते. त्यापेक्षा गाठी जुन्या सुती फडक्यात गुंडाळा आणि एकेका पाकळीवर बत्त्याचा एकच ठोका द्या. कुटायचं नाही, फोडायचं. दोऱ्याला चिकटलेले खडे नखाने काढत बसू नका. दोरा वाटीभर कोमट पाण्यात पाच मिनिटं सोडा. खडे विरघळतात, पाणी गाळून सरबताला घ्या. फोडलेले तुकडे कोरड्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि साखरेचे गोळे होतात. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. पांढरी पूड एका डब्यात, गुलाबी-पिवळी दुसऱ्यात. पांढरी कशालाही चालते. रंगीत गाठीचा चहा मात्र पाहुण्यापुढे ठेवण्यासारखा दिसत नाही.

आता पन्हं. चैत्रात कैऱ्या आलेल्या असतात, चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर असतं आणि साखर घरातच. अर्धा किलो कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या देऊन उकडा आणि गर काढा. एक वाटी गराला दोन वाट्या गाठीची पूड, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, दोन चिमटी मीठ. गर गरम असतानाच साखर घाला, यात तडजोड नाही. घाई करून गार पन्ह्यात गाठीचे खडे टाकले तर ते निवांत बुडाशी बसतात. मग पहिल्या सवाष्णीला निव्वळ आंबट आणि शेवटचीला निव्वळ पाक. दोघी हसतमुखाने "छान झालंय हो" म्हणतात आणि रस्त्यात एकमेकींना खरं सांगतात.

चिक्कीही होते. एक वाटी फोडलेली गाठी, एक वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, चमचाभर तूप. कोरड्या कढईत मंद आचेवर गाठी वितळू द्या, पाण्याचा थेंबही नको. कडेने आधी विरघळते, तेव्हा कढई हलवायची. मधासारखा रंग आला की गॅस बंद, कारण पुढच्या काही क्षणांत ती कडू होते. दाणे-तूप घालून उलट्या ताटाच्या तूप लावलेल्या बुडावर ओता, तूप लावलेल्याच लाटण्याने लगेच लाटा आणि गरम असतानाच कापा. थंड झाल्यावर सुरी चालत नाही, पुन्हा बत्ता लागतो. हे करताना लेकरं स्वयंपाकघराबाहेर, वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते. आणि दोऱ्याचा एखादा तुकडा राहिला असेल तर चिक्कीला जळक्या वातीचा वास येतो. खाताना आपोआप हात जोडले जातात.

बत्ताशांची फार काळजी नको. पोकळ असतात, लिंबू पिळलेल्या ग्लासात चार टाकले की ढवळेपर्यंत दिसेनासे होतात. त्यांच्यासोबतचे चिरमुरे मात्र सादळतात. त्यांचा सुशीला, म्हणजे पोह्यांसारखे फोडणीचे चिरमुरे, करा. सुशीलाला चिरमुरे भिजवायचेच असतात, तेव्हा सादळण्याचं दुःख कशाला? फक्त आधी चाळून बत्ताशाचा चुरा काढा, नाहीतर हिरव्या मिरचीची फोडणी दिलेला शिरा खाल्ल्यासारखं होतं.

संक्रांतीचा काटेरी हलवाही डब्याच्या तळाशी सापडेल. तो बडीशेपेत मिसळून जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवा. कवळी असलेल्यांना आधी सांगा.

राहता राहिला दोरा. गरम पाण्यात धुऊन वाळवला तर भरल्या वांग्यांना बांधायला उत्तम. तसाच खुंटीला अडकवलात, तर सकाळी भिंतीवरून मुंग्यांची दिंडी निघालेली असेल.