काचेच्या डब्यांचं खापर मीसवर फोडणं थांबवा

एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय: जगातली शहरं एकसारख्या काचेच्या डब्यांनी भरली ती एकट्या मीस व्हान डेर रोह या जर्मन-अमेरिकन आर्किटेक्टमुळे, त्याचं 'लेस इज मोअर' (कमी तेच जास्त) हे ब्रीद म्हणजे स्वस्तात उरकायचं निमित्त, माणसांचा विचार त्याने कधी केला नाही, आणि आता त्याचा काळ संपला. मला हे वाचून खरंच राग येतो, कारण शेअर करणाऱ्यांनी त्याची एकही बिल्डिंग नीट बघितलेली दिसत नाही.

आधी ते स्वस्ताचं घेऊ. हा माणूस जर्मनीतल्या आखेनच्या पाथरवटाचा मुलगा, दगडात वाढलेला. त्याचा १९२९ चा बार्सिलोना पॅव्हेलियन (प्रदर्शनासाठीची इमारत) बघा, ट्रॅव्हर्टाइनचा दगड, हिरवा संगमरवर आणि मधोमध ओनिक्स या महागड्या दगडाची भिंत, आणि छताची उंची त्याने त्या ओनिक्सच्या ठोकळ्याच्या मापावरून ठरवली. न्यूयॉर्कच्या त्याच्याच सीग्राम बिल्डिंगला (१९५८) बाहेरून चक्क ब्राँझ आहे. त्याने कमी केल्या त्या गोष्टी, खर्च नाही.

आता 'एकट्यामुळे'. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅलिडी बिल्डिंगला १९१८ मध्येच काचेचा पूर्ण दर्शनी भाग होता, आणि न्यूयॉर्कचं लीव्हर हाऊस सीग्रामच्या सहा वर्षं आधीचं, तेही त्याचं नाही. त्याने १९२१ मध्ये बर्लिनसाठी काचेचा टॉवर काढला होता हे खरं, पण तो कागदावरच राहिला. काच जगभर पसरली ती एसी आला, काच स्वस्त झाली आणि बिल्डरला भराभर मजले चढवायचे होते म्हणून.

आणि कॉपी करणाऱ्यांनी नेमकं काय सोडलं ते बघा ना. आगीच्या नियमांमुळे सीग्रामचा स्टीलचा सांगाडा काँक्रीटमध्ये झाकावा लागला, म्हणून मीसने खिडक्यांच्या मधे बाहेरून आय आकाराच्या ब्राँझच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्या बिल्डिंगचं वजन पेलत नाहीत, यावरून त्याला ढोंगी म्हणणारेही आहेत, पण त्या पट्ट्यांची सावली पडते, तिरकं बघितलं की काच दिसेनाशी होऊन नुसत्या उभ्या रेषा दिसतात आणि चालत गेलात तर भिंत बदलत जाते. आजच्या गुळगुळीत टॉवरवर ना सावली ना खोली, आरसा चिकटवल्यासारखं सगळं. त्याला मीसचा वारसा म्हणायचं?

माणसांचा विचार नाही म्हणता, तर पार्क अव्हेन्यूसारख्या महागड्या रस्त्यावर त्याने सीग्राम बिल्डिंग सुमारे ९० फूट मागे घेतली आणि पुढे मोकळा चौक ठेवला. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने नियमच बदलले, की असा चौक दिलात तर जास्त बांधकाम मिळेल. त्यातून पुढे बरेच भकास चौकही झाले, पण एका बिल्डिंगमुळे शहराचा कायदा हलला ही साधी गोष्ट नाही.

हां, एक तक्रार मान्य करायलाच हवी. त्याचं फार्न्सवर्थ हाऊस हे काचेचं घर सुंदर आहे, पण उन्हाळ्यात तापायचं, नदीचं पाणी आत शिरलंय, आणि मालकीणबाई आणि तो कोर्टात भांडले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्डिंगांचे ऊर्जेचे आकडे आले तेव्हा सीग्रामला १०० पैकी ३ मार्क होते. इथे त्याचं आंधळं अनुकरण करू नये, बास.

काळ संपला म्हणे! ओहायोतल्या टोलेडो म्युझियमचा साना या जपानी ऑफिसने केलेला काचेचा पॅव्हेलियन (२००६) बघा, सपाट पातळ छत आणि भिंती सगळ्या काचेच्या, फक्त त्या वळणदार केल्यात, म्हणजे त्याचाच विचार पुढे नेलाय. बर्लिनच्या त्याच्या नॅशनल गॅलरीचं (१९६८) भलंमोठं छत ८ खांबांवर उभं आहे आणि कोपऱ्यात एकही खांब नाही. आर्किटेक्ट डेव्हिड चिपरफील्डच्या ऑफिसने ती दुरुस्त केली, २०२१ मध्ये परत उघडली, आणि इतकी वर्षं खपून शेवटी दिसायला ती होती तशीच ठेवली. शिकागोतल्या त्याच्याच क्राउन हॉलचं छत वरच्या चार गर्डरना टांगलंय, आत मधे खांबच नाही, आणि आर्किटेक्चरची मुलं आजही तिथेच शिकतात.